भिंतीवरची चकचकीत कुऱ्हाड

मी एक जुनी कुऱ्हाड आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू नेहमी गोड गोड बोलतात असा तुमचा समज असेल, तर आज तो बाजूला ठेवा. पण घाबरू नका. माझा राग तुमच्यावर नाही. तो कशाने आला, हे मी तुम्हांला पहिल्यापासून सांगते.

एका लोहाराने मला ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडवलं. भट्टीत लालभडक केलं, घणाखाली ठोकलं, पाणी दिलं. मला विकत घेणारा माणूस तेव्हा पंचविशीचा होता. पुढे घरातले सगळे त्याला आजोबा म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणते. आजोबा नगरपालिकेच्या झाडं छाटणाऱ्या टोळीत होते. माझा दांडा त्यांनी दुकानातून आणला नाही. आपल्या मुठीच्या मापाने स्वतः तासला, आणि तो पात्यात घट्ट बसावा म्हणून त्याच्या टोकात लाकडाची एक चपटी पाचर ठोकली. ती पाचर बोटाच्या पेराएवढी होती, पण माझी सगळी भिस्त तिच्यावर होती.

रोज काम संपलं की आजोबा मला पुसायचे. दांड्याला जवसाचं तेल चोळायचे. मग मला दोन बोटांत सैल धरायचे आणि दांड्यावर बोटाने टकटक करून कान लावायचे. 'टण' असा आवाज आला की म्हणायचे, "बोलली. उद्या कामाला यायची." कधी 'ठप्प' असा आवाज यायचा. मग काम कितीही तातडीचं असो, आधी नवी पाचर. टोळीतले लोक हसायचे. "काय हो, बायकोची तरी एवढी विचारपूस करता का?" आजोबा म्हणायचे, "बायको चिडली तर बोलून दाखवते. हिला तोंड नाही, म्हणून कान द्यावा लागतो."

एका वादळात रुग्णालयाच्या फाटकावर मोठं झाड आडवं पडलं. आत रुग्णवाहिका अडकली होती. आजोबांनी आणि मी दोन तासांत रस्ता मोकळा केला. तिथल्या एका परिचारिकेने माझ्या दांड्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शाब्बास गं!" इतकी वर्षं झाली, तो हात मला आठवतो.

आजोबा निवृत्त झाले, तरी संध्याकाळची टकटक सुटली नाही. त्यांची नात शेजारी बसून ऐकायची. ती सारखी कशावर तरी चढलेली असायची, म्हणून ते तिला खार म्हणत. खारीलाही त्यांनी माझी बोली शिकवली. मग एक दिवस आजोबा गेले.

त्यांच्या मुलाने, म्हणजे खारीच्या बाबाने, मला दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलं. खरं सांगते, सुरुवातीला मला बरं वाटलं. ती भिंत पश्चिमेची होती. दुपारभर तापायची. तेल कुणी लावेना. दांडा आतून सुकला, आकसला, आणि एक दिवस धूळ पुसताना पातं हललं. आजी म्हणाली, "अरे, पाचर बदल तिची."

"आई, भिंतीवर तर टांगायची आहे. कोण लाकडं फोडणार आहे?"

भिंतीपुरतं त्याचं बरोबर होतं, हे मी कबूल करते. पण त्याने केलं काय? फटीत गोंद ओतला, वरून एक चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकली आणि दांड्यावर चकचकीत व्हार्निशचे दोन हात मारले. आजोबांच्या तळव्याने उजळलेली जागाही त्याखाली गेली. पाहुणे म्हणू लागले, "वा! काय झळकते आहे!" आणि बाबा सांगू लागला, "लहानपणी मीही हिने झाडं तोडली आहेत." मित्रांनो, त्याने मला हातात घेऊन साधी फांदीही तोडली नव्हती. तो सांगायचा, लोक माना डोलवायचे, आणि माझा जीव जळायचा.

मग ती संध्याकाळ आली. सुट्टी होती, आत्या आणि आत्याचे यजमान राहायला आले होते. आत्याच्या यजमानांना सतत काहीतरी नवं हवं असतं. ते म्हणाले, "सिनेमा नको, हॉटेल नको. कुऱ्हाडफेक! लाकडी फळीवर गोल काढलेले असतात, त्यावर कुऱ्हाड फेकायची. रुतली की गुण." बाबाने ऑफिसातल्या दोन मित्रांनाही बोलावलं. आणि निघताना मला भिंतीवरून काढून पिशवीत घातलं.

आजीने पाहिलं. "तिला कशाला नेतोस?"

"मजा म्हणून गं. आजोबांची कुऱ्हाड बघितल्यावर सगळे गार होतील."

तो हॉल चांगला होता, उगाच नावं ठेवणार नाही. कुऱ्हाड फेकायच्या प्रत्येक पट्ट्याला दोन्ही बाजूंनी जाळी होती. फळ्या पाण्याने भिजवलेल्या होत्या, म्हणजे पातं उसळून मागे येत नाही. तिथली प्रशिक्षक मुलगी आपलं काम जाणत होती. तिने सगळ्यांना रेषेमागे उभं करून नियम सांगितले. एका वेळी एकानेच फेकायचं. बाकीच्यांनी मागच्या खुर्च्यांवर बसायचं. आत्याची पहिलीच कुऱ्हाड मध्यात रुतली, तेव्हा तिचे यजमान म्हणाले, "आजपासून मी वाद घालणार नाही बुवा!" सगळे खो खो हसले. आजीने दोनदा फेकली, दोन्ही वेळा जमिनीवर. खारीची तिसऱ्या वेळी रुतली आणि तिने जागच्या जागी तीन उड्या मारल्या. इथवर ती संध्याकाळ फार छान होती.

बाबाची मात्र एकही रुतेना. पाच वेळा फेकली, पाचही वेळा दांडाच आपटला. एक मित्र म्हणाला, "काय राव, तुम्ही तर जंगलं साफ केली होती ना?" दुसरा म्हणाला, "झाडं जागेवर उभी असतात म्हणून जमलं असेल." बाबाचे कान लाल झाले. त्याने पिशवीतून मला बाहेर काढलं. "ह्या खेळण्यांनी काय होणार? ही बघा खरी."

प्रशिक्षक मुलगी लगेच पुढे आली. "काका, घरचं अवजार इथं चालत नाही. आत ठेवा."

"अहो, वडिलांची आहे. तिला काय धाड भरली आहे?"

"असू दे. आत ठेवा म्हणजे ठेवा." ती बाबाने मला पिशवीत घालेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग पलीकडच्या पट्ट्यावर कुणीतरी रेषा ओलांडली, म्हणून ती तिकडे धावली. तिची पाठ वळताच बाबाने मला पुन्हा काढलं. "एकदाच फेकतो. तू फोटो काढ रे."

आजी म्हणाली, "आधी वाजवून बघ."

"ह्या गाण्यांच्या दणदणाटात काय ऐकू येणार आहे, आई?"

खरंच, गाणी कानठळ्या बसतील अशी वाजत होती. खार बाबाच्या बरोबर मागच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "बाबा, थांब. मी गाणी बंद करायला सांगते, मग आपण हिचं ऐकू." तिने अंगातलं जाकीट खुर्चीला अडकवलं आणि ती काउंटरकडे पळाली.

त्या अख्ख्या हॉलमध्ये माझं ऐकायला निघालेली ती एकटी होती. आणि बाबा तेवढंही थांबला नाही. त्याने मला दोन्ही हातांनी डोक्यामागे नेलं. मला माहीत होतं, मित्रांनो! गोंद तडकलेला होता, चूक सैल होती. मी ओरडत होते, पण माझं ओरडणं बोटाने वाजवल्याशिवाय ऐकू येत नाही. हिसका बसला आणि मी दांड्यावरून सुटले. पुढे नाही, मागे गेले.

त्याच क्षणी गाणी थांबली. मी खारीच्या खुर्चीच्या पाठीत घुसले, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. जाकिटाची बाही माझ्याखाली खिळली होती.

खार काउंटरपाशी उभी होती. बाबाच्या हातात नुसता चकचकीत दांडा होता. फोटो काढणाऱ्या मित्राने मोबाइल खाली केला. आजी उठली, नातीचा हात धरून तिला खुर्चीपाशी घेऊन आली आणि मुलाला म्हणाली, "नीट बघ. तू व्हार्निश कशावर मारलं होतंस, ते बघ."

घरी आल्यावर बाबा मला माळ्यावर टाकायला निघाला होता. आजी म्हणाली, "तिला कशाला लपवतोस? तिने काय केलं?" ते एकच वाक्य माझ्या मनासारखं होतं. आजोबांच्या हाताखाली मी तीसहून जास्त वर्षं राबले आणि कुणाला ओरखडा काढला नाही. ह्या माणसाने मला सजवून सजवून आपल्याच लेकरावर सोडलं. त्याचं नशीब थोर, माझंही थोर. पण नशीब म्हणजे काही पाचर नव्हे.

म्हणून सांगते, मित्रांनो. एखाद्या गोष्टीवर तुमचं प्रेम असेल तर तिला फक्त चकाकी देऊ नका. मग ते अवजार असो, सायकल असो, नाहीतर घरातलं म्हातारं माणूस असो. तिच्यात काही सैल झालंय का, हे विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

भिंतीवरच्या खिळ्यावर आता मी नाही. तिथे आजीने ते फाटक्या बाहीचं जाकीट टांगलं आहे. बाबाने ते एकदा काढलं होतं. आजीने पुन्हा लावलं. तेव्हापासून तो त्याला हात लावत नाही.

माझा नवा दांडा बाबाने स्वतः तासला. दोन बिघडले, तिसरा जमला. व्हार्निश नाही, नुसतं तेल. दर रविवारी तो मला दोन बोटांत धरतो, वाजवतो आणि खारीकडे बघतो. खार कान लावते. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, लवकर जाईल असंही वाटत नाही. तरी मी 'टण' असं उत्तर देते, कारण पाचर घट्ट आहे. ज्या दिवशी ती घट्ट नसेल, त्या दिवशी 'ठप्प' म्हणेन. तेव्हा मात्र गाणी बंद ठेवा.