दोन्हीकून धार

मेघाच्या बापासारखा शहाणा नवरा देव कोणाले न देवो. सारं गाव त्याले सोमाजी मिस्त्री म्हणते. धानाची शेती करते अन् सुतारकामही करते. म्हणून आमच्या पोट्टीनं पवनचक्कीची पाती त्याच्याच हातून घडवली. मेघा इंजिनिअर हाय. नागपूरच्या कंपनीनं तिले सांगतलं होतं, तुह्या डिझाईनची चक्की गावात फिरवून दाखव, बल्ब पेटला तं नोकरी तुही.

तीन पाती, सागवानाची. एक बाजू जाड अन् गोल, दुसरी बारीक. "बाबा, जाड बाजू पुढं पाहिजे. वारा तिच्यावरून सरकते, म्हणून पातं फिरते," मेघा सांगे. हा मान हलवे.

पण पानठेल्यावर आमच्या दिराचा पोट्टा विनोद बसलाच होता. "काका, हे पातं हाय का मुसळ? बोथट बाजूनं कोणी धान कापते का?" झालं. मेघाचा बाप तोंड पाडून घरी आला.

सकाळी अंगणात लाकडाचा भुसा दिसला. मले वाटलं, खाटेचा पाय तासला असंन. झाडून टाकला. मेघा कंपनीच्या साहेबाले आणाले भंडाऱ्याले गेली होती, तं पातीही यानंच खांबावर चढवली.

दुपारी तलावाच्या पाळीवर सारं गाव जमलं. वारा मस्त होता. चक्की किंचाळली, दोन फेरे मारले अन् थांबली. पुन्हा हलली, पुन्हा थांबली. बल्ब काही पेटला नाही.

मेघानं खांब खाली घेतला अन् पात्यावरून हात फिरवला. जाड बाजू गायब. दोन्हीकून धार. पोट्टीचं तोंड पांढरं पडलं. मले सकाळचा भुसा आठवला. आज या माणसाले सोडत नाही म्हणून मी वळली, तं मेघानं माहं मनगट घट्ट धरलं.

अन् साहेबाले म्हणाली, "सर, माझं डिझाईनच चुकलं."

साहेब गाडीत बसून चालले गेले. नोकरी गेली, अन् हे पोट्टी पाती गोळा करून रायली.

मेघाच्या बापानं येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे बेटा. शिकताना चुकते माणूस. तरी बरं, मी धार लावून ठेवली होती. नाही तं तेवढीही फिरली नसती."