लाजवंतीचं झाड

दुपारी खोली शांत झाली होती. एवढ्यात खट्कन बटण वाजलं आणि ट्यूबलाइट पुन्हा माझ्या डोळ्यांत शिरली.

मी एक लाजवंती आहे, रात्री जागणारं, झाडावर राहणारं एक लहान जनावर. मुठीएवढं अंग, काटकीसारखे हातपाय, शेपूट नाही आणि डोळे चेहराभर. ते काळोखासाठी आहेत. तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणे. माझी जीभ वळत नाही.

कोकणातल्या एका किंजळीच्या झाडावर मी राहत होते. दिवसा अंगाचा गोळा करून झोपायचं, अंधार पडला की पान न हलवता किडे टिपायचे. मला उडी मारता येत नाही. फांदीला फांदी लागलेली असेल तरच मी पुढे जाते. काजू लावायचे म्हणून त्या जमिनीचे मालक कुशाबा यांनी ती राई तोडली. आडव्या पडलेल्या फांदीला मी चिकटून होते. तिथून मला उचललं आणि पोपटाच्या पिंजऱ्यातून लालबागला आपल्या चाळीत आणलं.

म्हणाले, हा घराचा राखणदार. मला कुंकू लावलं, पुढे उदबत्ती आणि दूधभात ठेवला. काळोखात मी घाबरेन म्हणून दिवा दिवसरात्र चालू; कोणी मालवला की कुशाबा लगेच पुन्हा लावायचे. माणसाच्या मायेचीच मला शिसारी आली. मी दूधभाताला तोंड लावलं नाही. पकड घट्ट राहावी म्हणून आम्ही हातांना मूत चोळतो. ते बघून शेजारच्या एक बाई म्हणाल्या, “राखणदार जरा घाणच दिसतो.” फक्त कुशाबांच्या नातीने, छोट्या अक्षदाने, मोरीतलं झुरळ आणून दिलं. तेवढं खाल्लं, आणि तिच्या बोटालाही चावले.

माझी मान कलंडू लागली, तेव्हा अक्षदाची आई, कमल, सासऱ्यांपुढे उभी राहिली. वनखात्याला फोन करते म्हणाली.

“राखणदार घराभायर काढूचो नाय गो,” कुशाबा म्हणाले.

“आणि बाबा, राखणदार घरात उपाशी मेला तर?”

कुशाबा उठले. त्यांनी स्वतः दिवा मालवला, हात जोडून माझ्यापुढे गाऱ्हाणं घातलं, चुकलंमाकलं पदरात घे. मी घेतलं नाही.

संध्याकाळी वनखात्याची माणसं आली. कमलने पिंजऱ्यावर आपली जुनी ओढणी टाकली. किती दिवसांनी काळोख झाला! मित्रांनो, किंवा जे कोणी असाल ते, आमच्यावर माया करायचीच असेल तर लांबून करा. आमच्या फांद्या तेवढ्या एकमेकींना लागलेल्या राहू द्या.

“आता ती आपल्या झाडावर जाईल,” कमल लेकीला सांगत होती.

“पण आई, तिचं झाड तर आजोबांनी तोडलं. मग ही माणसं तिला ठेवणार कुठे?”