पान चौऱ्याण्णववरचं घरटं

कुरिहाशी मित्सुए या बाईंचं पत्र आलं त्याला बारा वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं होतं: तुमच्या माहितीपुस्तिकेत पान चौऱ्याण्णववर स्वर्गीय नर्तक पक्ष्याचं घरटं आहे, त्याच्यापुढच्या फांद्या कोणी छाटल्या? घरट्याची राखण त्यांच्या वडिलांकडे होती. दोष त्यांच्यावर ठेवून गावच्या पक्षिमंडळाने त्यांना काढून टाकलं होतं.

मी कॅमेऱ्यांच्या पुस्तिका लिहीत असे. त्या साली कंपनीचा सर्वांत महाग कॅमेरा निघाला: सेकंदाला दहा फोटो, आणि उडत्या पक्ष्यावर खिळून राहणारा फोकस. तो दाखवायला आम्ही शिझुओकाच्या डोंगरात गेलो. फोकस मात्र पुढच्या पानांनाच चिकटत राहिला. फोटोग्राफर नागुमो वैतागला. "गुरुजी, कधी चुकत नाही असं तुम्हीच लिहिलंय ना? मग करा आता खरं," म्हणत त्याने कात्री माझ्या हातात दिली. बाईंचे वडील, राखणदार कुरिहाशी, आमच्यासाठी चहा आणायला खाली गेले होते. मी छाटलं. फोटो सुरेख आले. आम्ही सामान आवरत होतो तेव्हाच कावळ्यांनी पिल्लं नेली.

गेल्या रविवारी आमच्या उद्यानात तसंच एक घरटं पाहिलं. खाली माझ्यासारखेच वीसेक निवृत्त गृहस्थ, कॅमेऱ्यांच्या तिकाटण्यांना तिकाटण्या लावून उभे. पंखाच्या प्रत्येक हालचालीला शटरांचा तो खडखडाट. मला शिसारी आली. एकाने पिशवीतून कात्री काढली आणि मला फांदी वाकवून धरायला सांगितलं. पक्षी घरटं सोडतील, असं मी पुटपुटलो.

"अहो, पुस्तिकेतच छापलंय, समोरचा अडथळा आधी दूर करावा," तो हसून म्हणाला. "तुम्हाला कंपनीपेक्षा जास्त कळतं का?"

ते वाक्य माझं होतं. डोंगरातून परतल्यावर, स्वतःला बरं वाटावं म्हणून घातलेलं. कुंपणाला धरून मी ओकलो. ऊन लागलं असेल म्हणून कोणीतरी प्रेमाने जवाचा गार चहा दिला. मागे कात्री चालूच होती.

घरी येऊन बाईंना पत्र लिहायला बसलो. पत्राच्या रीतीप्रमाणे आधी ऋतूचं वर्णन केलं, फाडलं. पुन्हा केलं, पुन्हा फाडलं. माझ्या सुबक अक्षराचीही किळस आली. शेवटी तीनच ओळी उरल्या: फांद्या मी छाटल्या. तुमचे वडील तिथे नव्हते. हे मंडळाला कळवतो आहे.

वडील हयात आहेत का, ठाऊक नाही. दोन प्रती केल्या, दोन्हींवर सहीऐवजी नावाचा शिक्का मारला, आणि सकाळी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत एक बाईंना, एक मंडळाला टाकली.