नंबराआधीचा शून्य

उत्कर्षाने नाकारलेल्या अर्जांची यादी उघडली. एकाच फोन नंबरचे सतरा अर्ज!

अलकापुरीतल्या तिच्या ऑफिसने एका इस्पितळाचा अपॉइंटमेंटचा फॉर्म बनवला होता. त्यात काहीही चुकलं की सर्व्हर एकच उत्तर द्यायचा: ‘माहिती चुकीची आहे.’ नेमकं काय चुकलं, ते मात्र सांगायचा नाही. हे तिनेच घाईत लिहिलं होतं, आणि नंतर सुधारू म्हणत तसंच राहून गेलं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या गुजराती पीयूषने डोकावून पाहिलं.

"छोड ने, कुणीतरी टाइमपास करतंय. ब्लॉक करून टाक."

नंबर अकरा आकडी होता, पुढे शून्य. उरलेले दहा आकडे तिला तोंडपाठ होते.

बाबांचा नंबर. गोविंदरावांनी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, आणि नंबराआधी शून्य फिरवायची सवय त्यांच्या हाडीमासी खिळलेली. डोळे दाखवायचेत म्हणून त्यांनी आठवड्यापूर्वी तिच्याकडूनच लिंक मागून घेतली होती.

फॉर्म अडत होता तो त्या शून्यावर. बाबा बदलत होते भलतंच. जन्मतारीख आधी चौदा ऑगस्ट, मग पंधरा, मग वर्षच वेगळं. पुढे नावातला ‘राव’ही गळला.

आज सकाळी चहा पिताना त्यांनी विचारलं होतं, "माझी तारीख चौदाच ना गं?" ती वरवरच हसली होती. थोरले काका असेच विसरत विसरत गेले होते.

तिने फोन लावला.

"बाबा, फॉर्ममध्ये नंबराआधी शून्य लावलात?"

"लावायचाच असतो."

"इथे नाही लावायचा. तेवढंच चुकत होतं."



"म्हणजे तारीख?"

"पहिल्यापासून बरोबर होती. चूक माझी, बाबा. काय चुकलं ते फॉर्मने सांगायला हवं होतं."

"हात्तिच्या!" ते मोकळेपणाने हसले. तिलाही फार बरं वाटलं. "मग राहू दे आता. डोळ्यांची काही घाई नाही."

ती सहज वर सरकत पहिल्या अर्जापाशी गेली. नाव बरोबर, तारीख बरोबर. विभागाच्या रकान्यात मात्र डोळे नव्हते. ‘स्मरणशक्ती तपासणी’ असं होतं.

हे त्यांनी निवडलं, तोवर फॉर्मने त्यांना एकदाही नाकारलं नव्हतं.

"राहू नका देऊ, बाबा," ती म्हणाली. "शून्य काढा आणि आत्ताच भरा. पहिल्यांदा भरला होतात, तसाच. मी येते बरोबर."

पलीकडून चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला.

"बरं," ते म्हणाले.

पाच मिनिटांनी अठरावा अर्ज आला. तारीख चौदा ऑगस्ट.