तिसरा तुकडा

कृष्णातनं फोनची वायर भिंतीवरच्या डबीतून उपसली आणि तशीच हातात धरून तो उभा राहिला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सरकत असलेली निळी पट्टी थांबली. थोड्या वेळानं तिथं एक चौकट उघडली, संपर्क तुटल्याचं सांगणारी.

निशा खुर्चीत वळली. सासऱ्याच्या हातात वायर बघून तिला वाटलं, पाय अडकला असेल.

"मामा, लागलं काय?"

"न्हाय."

"निम्म्याच्या वर गेलं होतं की. आता परत पहिल्यापासनं."

"नगं पाठवू," कृष्णात म्हणाला. "दोन तुकडं गेल्यात तेवढं बास झालं."

गाणं साडेसहा मिनिटांचं होतं. एवढी मोठी फाइल मेलमधून जाईना, म्हणून निशानं तिचे तीन तुकडे केले होते. रविवार असल्यामुळं शाळा नव्हती. सकाळपासून ती त्यातच होती. एकेक तुकडा जायला वीस-पंचवीस मिनिटं लागत होती, आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद.

मेल आली होती ती मनालीची, एकेकाळी कृष्णातच्या गायन पार्टीत असलेल्या बाळासोच्या मुलीची. ती इंग्लंडात लेस्टरला असते. बाळासोला झटका आल्यापासून तिनं त्याला तिकडंच नेलं होतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. 'बाबा बोलत नाहीत, पण गाणं लावलं की तोंडाकडं बघत राहतात,' असं तिनं लिहिलं होतं. 'कृष्णातकाकांबरोबर म्हटलेलं विहिरीचं गाणं तुमच्याकडं असेल तर पाठवता येईल का?'

तेव्हा कृष्णात चटकन "धाड की" म्हणाला होता. ट्रंकेतली अठ्ठ्याहत्तर सालची कॅसेट त्यानंच काढून दिली होती. पण आज सकाळपासून तो एका जागी बसला नव्हता. तंबाखू आणायला म्हणून दोनदा कोपऱ्यापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा रिकामाच परत आला. दाराच्या बिजागरीला तेल घातलं. टेपवरून गाणं कॉम्प्युटरमध्ये घेताना तिसरं कडवं आलं, तसा उठून अंगणात गेला.

"तिसऱ्या तुकड्यात काय हाय, ठावं हाय का तुला?" त्यानं विचारलं.

"शेवटचं कडवं."

"माझं नाव हाय त्यात. म्हणे कृष्णात, घागर भर गं."

निशानं मान हलवली. गाणं लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, हे तिला माहीत होतं. तिच्या माहेरीही गायन पार्टी होती. पण बाळासो या घरात का येत नव्हता, हे लग्नाला सात वर्षं झाली तरी तिला कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं की तिचा नवरा प्रसेनजीत म्हणायचा, आबांचं जुनं काय तरी आहे.

"ब्याऐंशी साली मुंबैला जाऊन त्यानं कॅसेट काढली," कृष्णात म्हणाला. तो अजून उभाच होता. "मला पत्ताच न्हाय. मी कंडक्टर, ड्यूटीवर. गाडी हातकणंगल्याच्या स्टँडात लागलीती. समोरच्या हाटेलात गाणं लागलं. म्हटलं, हे तर आपलं! गडबडीनं दारात जाऊन उभारलो. शेवटचं कडवं आलं आन् हा म्हणतोय, म्हणे बाळासो. त्या जागंत ते नाव बसतबी न्हाई गं. ओढून बसवलंय. घंटी मारायचीच इसरलो मी. डायवर हाका मारालाय, पाशिंजरं वरडाल्यात..."

"मग तुम्ही विचारलं नाही?"

"काय इचारायचं? दोनदा आलता दारात. मी भाईर आलो न्हाई. त्याची बायकू गेली तवाबी गेलो न्हाई."

बोलता बोलता वायर बोटाला गुंडाळली गेली होती. त्यानं ती सोडवली, परत गुंडाळली.

निशानं माउस बाजूला सारला. मग तिनं सहज विचारलं, कारण तिला खरंच माहीत नव्हतं.

"आणि चाल कुणाची?"

"आं?"

"गाण्याची चाल. ती पण तुमचीच?"

कृष्णातनं वायर सोडली. तो खिडकीशी गेला. बाहेर सिद्धार्थनगरच्या बोळात कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. तो तिकडं बघत राहिला.

"चाल त्याची," शेवटी तो म्हणाला. "पंचगंगेच्या घाटावर बसून एका दुपारात लावली त्यानं. मी कागद घिऊन गेलतो. नुसत्या ओळी. म्हणायला गेलं की अडकायच्या. त्यानं पेटी काढली आन्..."

हात हवेत वर गेला आणि तसाच खाली आला.

"मग कार्यक्रमात सांगत होता काय तुम्ही, चाल ह्यांची म्हणून?"

मोटारसायकल सुरू होऊन निघून गेली.

"त्याचं नाव घालायला गाण्यात जागाच न्हवती," कृष्णात म्हणाला.

 निशानं उठून चहा ठेवला. कप घेऊन ती परत आली तेव्हा वायर डबीत बसवलेली होती आणि कृष्णात कॉटच्या कडेवर, पुढं वाकून बसला होता.

"लाव," तो म्हणाला.

मॉडेमनं आपली नेहमीची किंकाळी फोडली. निळी पट्टी पहिल्यापासून सरकू लागली. कृष्णातच्या चहावर साय धरली, पण ती पट्टी टोकाला पोचेपर्यंत त्यानं कपाला हात लावला नाही.

मंगळवारी संध्याकाळी मनालीचं उत्तर आलं. निशानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

'तिन्ही तुकडे ओळीनं लावले. बाबा डाव्या हातानं पांघरुणावर ठेका धरत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. पण तिसरा लावला तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मला वाटलं, त्रास होतोय. बंद करायला गेले तर माझा हात धरला. दोनदा ऐकलं, पण तोंड भिंतीकडंच. असं का, ते कळलं नाही. काकांना विचारशील का?'

"परत वाच," कृष्णात म्हणाला.

तिनं परत वाचलं. तो अंगणात गेला, आत आला, पाणी प्याला, पुन्हा बाहेर गेला. जेवताना त्यानं अर्धी भाकरी तशीच ठेवली.

"आबा, बसा की एका जागी," प्रसेनजीत म्हणाला.

बुधवार गेला, गुरुवार गेला. 'काय लिहू?' असं निशानं एकदा विचारलं, तर "थांब जरा" म्हणून तो चपला घालून बाहेर पडला.

रविवारी सकाळी तो स्वतःच कॉम्प्युटरपाशी खुर्ची ओढून बसला.

"ह्या माइकवर आवाज भरता येतोय न्हवं?"

"येतोय की."

निशानं माइक त्याच्या तोंडाजवळ धरला आणि माउसनं लाल गोल दाबला. कृष्णातनं घसा खाकरला. पहिला सूर चुकला, तो थांबला, पुन्हा लावला. तिसऱ्या कडव्याची सुरुवात होती ती. निशाला एव्हाना सगळं पाठ झालं होतं. तिचे ओठ आपोआप हलत होते. पण कृष्णात शब्द घेत नव्हता, नुसता गुणगुणत होता. आवाज चिरका झाला होता, दम पुरत नव्हता. नावाच्या जागेवर आल्यावर त्यानं डोळे मिटले. तिथं सूर वर चढून हळूच खाली उतरायचा, तसा त्यानं तो चढवला आणि उतरवला, आणि कडवं संपवलं.

निशानं रेकॉर्डिंग थांबवलं.

"मामा, शब्द राहिले."

"ऱ्हाऊ देत."

"आणि मनालीला काय लिहू? तिनं विचारलंय."

कृष्णात पडद्याकडं बघत होता. पालथ्या हातानं त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"लिही," तो म्हणाला. "चाल बरोबर आली का, तेवढं त्याला इचार म्हणावं."