तांबडं रबर

"या चाळीस पिशव्या वेगळ्या का?" वनखात्याच्या बाईंनी थर्माकोलच्या खोक्यावर बोट ठेवून विचारले. "बाकी सगळ्यांना पिवळं रबर, यांनाच तांबडं?"

"पिवळी संपली असतील, मॅडम," शेडचा मालक असलेला भाचा झटकन म्हणाला. "मावशीचं काय, हाताला लागेल ते लावते."

मावशीच्या मनगटापासून कोपरापर्यंत त्या क्षणी पिवळ्या रबरांची चळत चढलेली होती.

सव्वीस वर्षे ती परदेशी जाणारे शोभेचे मासे बांधत होती. एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू, तोंडाला पीळ आणि वर रबराचे चार वेढे! तिची पिशवी गळल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. टाकीत जन्मलेल्या माशाला पिवळे रबर, वाहत्या पाण्यातल्या माशाला तांबडे, हा तिचाच नियम. तांबड्यात हवा अधिक, आणि जागा सर्वांत वर. कारण त्या जिवाला दडपण सोसत नाही.

"आज सगळ्यांना पिवळंच लाव," असे भाच्याने सकाळी बजावले होते. "कागदावर एकच जात आहे, टाकीतली." बहिणीच्या माघारी त्याला तिनेच वाढवले होते, ती "बरं" म्हणाली. परंतु सवयीच्या हाताने पहिल्या दोन पिशव्यांना तांबडेच चढवले. चूक ध्यानी आली, तेव्हा तिने आतल्या पिल्लांकडे पाहिले, आणि उरलेल्या अडतीस पिशव्यांनाही जाणूनबुजून तांबडेच लावले.

भाचा तिच्या कानाशी लागला. "पाण्यात राहून माशाशी वैर नको, मावशी. संपली म्हण."

"माशाशी वैर मी कुठं धरलं? धरलंस तू." मग ती बाईंकडे वळली. "पिवळी ढीगभर आहेत. ही डोंगरातल्या ओढ्याची पिल्लं. अंगावरची लाल रेघ उमटायचीय अजून, म्हणून ओळखू येत नाहीत. तुम्ही बंदी घातलीय ना, तीच ही."

"मावशी, जिभेला काही हाड?" भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे लिहून द्याल?" बाईंनी विचारले.

"देईन की! सही येते मला. पण कागद कुठं पळून जात नाही. पाच तास झालेत बांधून, आधी पिल्लं बघा."

बाईंनी घाईने एक पिशवी उचलली. "फोडू?"

"अहो, थांबा! तशीच तरंगू द्या टाकीत. आतलं नि बाहेरचं पाणी सारखं व्हायला पाव तास लागतो. घाई केली की वाचलेलाच मरतो."

चाळीसही पिशव्या टाकीत तरंगू लागल्या. बाहेर वनखात्याच्या जीपचे दार उघडले. भाचा पायरीवर घुटमळला.

"जातो गं, मावशी."

"येतो म्हणावं," ती मागे न पाहता म्हणाली.

भाच्याला घेऊन जीप निघून गेली. मावशीने पाण्यातला हात काढला नाही. पाव तास पुरता भरल्यावर तिने पहिल्या पिशवीचे चार वेढे एकेक करून सोडवले, आणि ते तांबडे रबर पिवळ्यांच्या वर, मनगटात चढवले.