अर्धी पानं त्याचीही होती

मी कचेरीच्या मेजावरचा धर्मग्रंथ, बायबल, बोलतोय. वाचायला ठेवलेला नव्हे, शपथेचा. माझ्यावर हात ठेवायचा, ओठ टेकवायचे आणि खरं बोलायचं, एवढ्यासाठी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या केल्सबरी गावात मला आणलं होतं.

माझा जन्म फिलाडेल्फियाच्या एका छापखान्यात झाला. इंग्रजांचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. शाईने बरबटलेल्या हातांची माणसं काम करता करता बोलत असायची, की आता राजा नाही, राजाचा धर्मगुरू नाही, ज्याचा देव त्याच्यापाशी. ते ऐकत ऐकतच माझी पानं शिवली गेली, वर वासराच्या कातड्याची बांधणी चढली. आपण फार चांगल्या वेळी जन्माला आलो, असं मला वाटलं.

कचेरीत आल्यावर चामड्याच्या वादीने मला मेजाला बांधलं. धर्मग्रंथसुद्धा चोरीला जातात म्हणे. तिथले कारकून हेझेकाया प्लमर. माणूस सज्जन, भित्रा आणि सर्दीने सदा बेजार. त्यांच्यासमोर रोज नाना तऱ्हेचे हात माझ्यावर पडायचे. घामेजलेले, पिठाचे, माशांचा वास येणारे. खोटं बोलणारा मला लगेच कळायचा. तो अंगठा माझ्या पुठ्ठ्यावर असा काही आणायचा, की ओठ माझ्याऐवजी अंगठ्यालाच लागावेत. ग्रंथाला ओठ लागले नाहीत म्हणजे शपथही लागली नाही, अशी त्याची समजूत. पहिल्या पहिल्यांदा मला याचं हसू यायचं.

गावात आशेर लिंडो नावाचा खोगीर शिवणारा होता. ज्यूंचं ते एकच घर. शनिवारी तो स्वतः दुकान बंद ठेवायचा आणि रविवारी कायदा बंद ठेवायला लावायचा, म्हणून लोक त्याला चिडवायचे, की लेका, तू दोन-दोन देवांच्या सुट्ट्या खातोस. तोही हसायचा. त्याचा जिवलग मित्र केलेब थॉर्न, नदीवरचा नावाडी. केलेबचा कशावरच विश्वास नव्हता. मेल्यावर माणसाची माती होते आणि तिच्यात बटाटे चांगले येतात, असं तो गुत्त्यात बसून सगळ्यांदेखत सांगायचा.

१८१४च्या उन्हाळ्यात इंग्रजांची जहाजं पुन्हा खाडीत शिरली आणि किनाऱ्यावरची घरं जाळू लागली. आमच्या गावची तुकडी दलदलीत त्यांना अडवायला गेली. कप्तानाच्या मांडीत गोळी घुसली. आशेरने त्याला पाठीवर घेतलं, चिखलातून बाहेर काढलं, आणि पळू लागलेल्यांना शिव्या घालून घालून परत जागेवर उभं केलं. कप्तान काही वाचला नाही. तुकडीने नवा कप्तान निवडला तो आशेर. विरोधात एकही हात वर झाला नाही.

आता फक्त शपथ राहिली होती. पण राज्याच्या कायद्यात स्वातंत्र्याच्या गोष्टींबरोबरच हेही लिहिलेलं होतं, की कुठलंही पद घेणाऱ्याने आपण ख्रिस्ती धर्म मानतो असं जाहीर करावं.

त्या दिवशी कचेरी माणसांनी भरली होती. आशेर स्वच्छ कोट घालून आला, माझ्यावर हात ठेवला. रुंद, दाभणाने टोचटोचलेला हात होता तो. प्लमर खाली वाकले आणि पुटपुटले, "मी हळूच वाचतो, आशेर. तू नुसती मान हलव. इथे कुणाची हरकत नाही."

"पण मान माझीच हलेल ना, प्लमरसाहेब?"

मागून केलेब म्हणाला, "अरे, शब्दच आहेत ते. बोलून टाक आणि चल."

आशेरने मला उघडलं. सुरुवातीची, ज्यूंनाही पवित्र असलेली पानं उलटली, एका ठिकाणी बोट ठेवलं, आणि तिथून पुढचं न बघता आपल्या हिब्रू भाषेत म्हणून दाखवलं. मग माझ्यावरच हात ठेवून तो म्हणाला, "यातली अर्धी पानं माझ्या आजोबांनी माझ्याकडून पाठ करून घेतली आहेत. या पुस्तकावर हात ठेवून खोटं बोललो, तर खरं कुठल्या पुस्तकावर बोलू?"

प्लमरांनी नाक पुसलं. आशेरने मला नीट मिटलं, टोपी घेतली आणि तो बाहेर गेला.

त्याच दुपारी तुकडीने दुसरा कप्तान निवडला. केलेब थॉर्न. ज्याचा माझ्या एका ओळीवरही विश्वास नव्हता तो माझ्यासमोर आला, प्लमरांनी वाचलेलं सगळं मानतो म्हणाला, आणि त्याने अंगठ्यावर ओठ टेकवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाज म्हणजे काय ते मला त्या टाळ्यांत कळलं. खरं बोलणाऱ्याला मी दारातून परत पाठवलं होतं आणि खोटं बोलणाऱ्याला कप्तान केलं होतं. दोन्ही एकाच दिवशी.

पुढे दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, खिडकीतून पाहायचो. केलेब कंबरेला तलवार लावून पुढे, आशेर बंदूक घेऊन रांगेत. स्वातंत्र्यावर लांबलचक भाषणं व्हायची. भाषण सुरू झालं की केलेबची नजर बुटांवर जायची. तो गुत्त्यात बोलेनासा झाला. आशेर मात्र त्याच्याशी पूर्वीसारखाच बोलायचा, त्याच्या घोड्याचे लगाम शिवून द्यायचा. केलेबला तेच सोसत नसावं.

कायदा बदलावा म्हणून राजधानीत ठराव यायचा आणि पडायचा. ज्या प्रतिनिधीने तिथे ज्यूंची बाजू घेतली त्याला पुढच्या निवडणुकीत लोकांनी घरी बसवलं. ती बातमी आली त्या दिवशी भरल्या कचेरीत केलेब मेजापाशी आला, तलवार माझ्याशेजारी ठेवली, हात माझ्यावर ठेवला.

"मी त्या दिवशी खोटी शपथ घेतली. मी हे मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो. लिहून घ्या."

प्लमरांनी लेखणी उचलली, शाईत बुडवली आणि तशीच खाली ठेवली. "घरी जा, केलेब. तुझी एक शपथ खोटी म्हणून लिहिली, तर अर्ध्या परगण्याच्या शपथा उसवाव्या लागतील."

इतक्या वर्षांत केलेबचा हात पहिल्यांदाच खरेपणाने माझ्यावर पडला होता, आणि तेच कुणाला नको होतं.

१८२६ साली कायदा अखेर बदलला. ज्यू माणसाने मेल्यानंतरचा न्याय मानतो एवढं म्हटलं की पुरे. आशेरला कचेरीतल्या खटल्यात पंच म्हणून बसायचं बोलावणं आलं. तो आला तेव्हा त्याची दाढी पांढरी झाली होती. केलेब त्याच्याबरोबर दारापर्यंत आला आणि उंबऱ्यापाशी थांबला. नव्या कायद्यातही त्याच्यासारख्याला जागा नव्हती, आणि खोटं बोलून आत यायचं त्याने सोडलं होतं.

आशेर वळून म्हणाला, "तू बाहेर आणि मी आत, हे मला बरं वाटत नाही."

"जा रे. आपल्यातला एक तरी खरं बोलून आत जाऊ दे."

आशेर आत आला. त्याचे ओठ माझ्या पुठ्ठ्याला लागले, मध्ये अंगठा नव्हता. या क्षणाची मी किती वाट पाहिली होती. पण माझं सगळं लक्ष दाराकडे होतं. तिथे केलेब टोपी हातात धरून उभा होता, आणि त्याच्या नजरेला नजर द्यायची मला हिंमत होत नव्हती.

आता प्लमर नाहीत. नव्या कारकुनाने नवा ग्रंथ आणलाय. मी कपाटात जुन्या नकाशांखाली पडून असतो. वादीचा वण पाठीवर राहिलाय, बांधणीला कसर लागलीय. त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाला मी सापडलो तर घरी न्या, उजेडात बसून वाचा, पटलं तर माना, नाही पटलं तर मिटून ठेवा. पण पुन्हा मला दारात मांडून, कोण आत जाणार आणि कोण बाहेर राहणार हे मला विचारू नका.